स्टेक विस्तवावरून उतरवल्यानंतर

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो आणि उन्हाळ्यात मागच्या अंगणात कोळशाच्या ग्रिलवर दीड इंच जाडीचे रिबआय (बरगडीजवळच्या चरबीदार गोमांसाचे) स्टेक भाजतो. सुरी लावताच ताटात लाल पाणी साचते आणि मांस कोरडे लागते. दहा मिनिटे फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ठेवले, तर वरचा खरपूस थर मऊ पडला. किती वेळ आणि कसे ठेवावे?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : ते लाल पाणी रक्त नव्हे; मांसातले पाणी आणि त्यात विरघळलेले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन, असे ते मिश्रण असते. चरबी वगळली तर कच्च्या मांसाचा सुमारे ७५ टक्के भाग पाणीच असतो, आणि आतले तापमान जसजसे चढते तसतसे स्नायूंचे तंतू आकसून ते पाणी बाहेर ढकलतात. एकदा गेलेला हा ओलावा कितीही वेळ ठेवले तरी परत येत नाही. आपल्या पत्रात तापमानाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

भात उतरवल्यावर आपण वाफ जिरू देतो, तसेच स्टेकचेही आहे. शिजणे उतरवल्यावरही चालूच राहते. बाहेरचे थर गाभ्यापेक्षा पुष्कळ तापलेले असल्याने त्यांची उष्णता आत सरकत राहते आणि एवढ्या जाडीच्या तुकड्याचा गाभा आणखी सुमारे ३ ते ५ अंश सेल्सियसने चढतो. म्हणून मीडियम रेअरसाठी, म्हणजे आतून लालसर गुलाबी राहावा यासाठी, ५५ अंश हवे असतील, तर ५१-५२ अंशांवरच तो उतरवावा. थर्मामीटरची सळई वरून न खुपसता कडेने थेट गाभ्यापर्यंत घालावी. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस मात्र ६३ अंश आणि त्यानंतर किमान ३ मिनिटे थांबण्याची आहे. घरात गर्भवती, वृद्ध किंवा लहान मुले असतील तर तीच पाळावी.

उतरवलेला स्टेक ताटात न ठेवता तारेच्या जाळीवर ठेवावा, म्हणजे खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजत नाही. घट्ट गुंडाळलेल्या फॉइलने आपल्याकडे नेमके तेच झाले. दीड इंचाला पाच ते सात मिनिटे पुरतात. तेवढ्यात आतला रस थोडा निवून दाटसर होतो आणि कापताना कमी वाहतो. खाली ट्रेमध्ये जे काही साचेल, ते टाकून न देता कापलेल्या मांसावरच ओतावे.

कडक आचेने रस आत कोंडला जातो, ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मतामुळे रुजली. ती खरी असती तर भाजताना चर्र आवाजच आला नसता, कारण तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. कडक आच हवी ती चवीसाठी. निखारे ग्रिलच्या एका बाजूला ओढून, स्टेक दुसऱ्या बाजूला झाकणाखाली सुमारे ४५ अंशांपर्यंत सावकाश तापवावा आणि शेवटी निखाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर खरपूस करावा. अशा स्टेकला फारसे थांबवावेही लागत नाही. मीठ आदल्या रात्री लावून तो फ्रिजमध्ये उघडाच ठेवावा. ते जमले नाही तर भाजण्यापूर्वी किमान पाऊण तास तरी लावावे. पाऊण तासापेक्षा कमी वेळ आधी लावलेले मीठ पृष्ठभागावर पाणी आणून ठेवते आणि खरपूसपणाला मारक ठरते.

शेवटी लसूण घातलेल्या लोण्याचा तुकडा वर विरघळू द्यावा. अर्जेंटिनात पार्सली, लसूण, ओरेगॅनो, व्हिनेगर आणि तेल यांची चिमिचुरी नावाची चटणी घेतात. रिबआयसारख्या चरबीदार मांसाला मला तीच अधिक मानवते.

प्रश्न : पुण्यात आम्ही मटणाचे चॉप्स तव्यावर भाजतो. त्यांनाही हाच नियम का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चॉप्स पातळ असल्याने दोन-तीन मिनिटे पुरेत. मटणाची चरबी गार होताच थिजून टाळूला चिकटते, तेव्हा ताटल्या आधी गरम करून ठेवाव्यात आणि मंडळी पानावर बसल्याशिवाय चॉप्स तव्यावर टाकू नयेत.