नाक खाली दाबा, मग बोलू

प्रश्न : कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्पिटफायर मार्क १ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉड (गेममध्ये घालायची भर) करतोय. कमाल वेग तक्त्याशी जुळवला, तरी उडवताना विमान खोटं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : आधी एक करा. सरळ उडताना स्टिक झटकन पुढे ढकला. इंजिन तसंच गुरगुरत राहिलं, तर चूक तिथेच आहे. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला फ्लोट असलेला कार्ब्युरेटर होता, म्हणजे इंधन-हवा मिसळणारा भाग, ज्याच्या चेंबरमधली इंधनाची पातळी तरंगता फ्लोट राखायचा. ऋण जी (नाक झटकन खाली गेल्यावर सगळं वर फेकणारा जोर) लागला की इंधन चेंबरच्या छताकडे जायचं, इंजिन आचके द्यायचं, आणि जास्त वेळ तसंच ठेवलं तर उलट इंधनाचा पूर येऊन काळा धूर सोडत गुदमरायचं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ई मध्ये थेट फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंधन दाबाने सरळ सिलिंडरमध्ये. तो बेधडक नाक खाली घालून निसटायचा. १९४१मध्ये ब्रिटिश इंजिनिअर बिआट्रिस शिलिंग यांची इंधनाच्या वाटेत बसवायची छोट्या भोकाची चकती आली, तिने पूर रोखला, पहिला आचका मात्र राहिलाच. म्हणजे १९४०चं विमान करत असाल तर चकती नको!

वेगाचंही तसंच. तो आकडा कुठल्या उंचीचा, कुठल्या बूस्टचा (सुपरचार्जर इंजिनात हवा किती जादा दाबाने कोंबतो त्याचा)? ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बूस्ट दर चौरस इंचाला सव्वासहा पौंड, १०० ऑक्टेनवर बारा. समुद्रसपाटीजवळ दोन वेगळी विमानंच म्हणा ना.

आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी ३०० गोळ्या, हे तुम्ही केलंच असेल. रिव्हेटांचा रंग शेवटी. मी आधी त्यातच पंधरा दिवस घालवले होते, आणि विमान पतंगासारखं उडत होतं.