कुलरवरून भांडण

पत्र : ताई, मी 36 वर्षांची, जळगावला पतसंस्थेत नोकरी करते. उंची 155 सेंटिमीटर. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 26.6 आला आणि रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘लठ्ठ’ असं छापून आलं. शुगर, बीपी नॉर्मल होतं, पण तो शब्द डोक्यातून जाईना. इन्स्टाग्रामवर एका कोचचे ॲब्ज बघून विश्वास बसला आणि जानेवारीत त्यांचा 90 दिवसांचा प्रोग्राम घेतला. आता दुसरा चालू आहे. 64 किलोंची 54 झाले, टार्गेट 48. महिनाभर काटा हलत नाही म्हणून कोचनी 1,100 कॅलरींवरून 900 वर आणलंय. ऑफिसच्या दोघी मैत्रिणीही मी ग्रुपमध्ये आणल्या. नवऱ्याचा मात्र अजिबात सपोर्ट नाही. या मे महिन्यात साध्या कुलरवरूनही रोज भांडण. तो लावतो, मला गार लागतं म्हणून मी बंद करते, मग तो उशी घेऊन गच्चीवर जातो. मी रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघत पडते, खात काहीच नाही. त्याला कसं समजावू? की माझ्यातच जिद्द कमी पडतेय?

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवरच येते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले. मे महिन्यात, जळगावात, तू कुलर बंद करतेस.

माझं माहेर भुसावळचं. तिथल्या मे महिन्यातल्या रात्री मी काढल्या आहेत. दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीही हाताला ऊन लागते, आई गादीवर पाणी शिंपडायची आणि ते पाच मिनिटांत वाळायचं. लाइट गेली की अख्खी गल्ली ओट्यावर. त्या उकाड्यात ज्या बाईला गार वारा सोसत नाही, तिला एक तर ताप आहे, नाहीतर तिचं शरीर आतून काहीतरी सांगतंय. ताप असता तर तू लिहिलं असतंस.

नवऱ्याला समजावण्याचं राहू दे. तो गच्चीवर जातो कारण त्याला उकडतं. सगळ्यांनाच उकडतंय. फक्त तुला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून 1945 मध्ये त्याने या तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण 1,600 कॅलरी आणि रोजचं भरपूर चालणं. त्यांची नाडी मंदावली, केस गळू लागले, चिडचिड वाढली. ऐन उन्हाळ्यात ते जादा पांघरूण मागायला लागले. आणि ज्यांना आधी स्वयंपाकात काही रस नव्हता, असेही काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे.

आता तुझं पत्र तूच पुन्हा वाच. रात्री रेसिपीचे व्हिडिओ. कुलर नको. पुरुषांचं शरीर मोठं, त्यांची गरज जास्त, हे धरूनही सांगते, ज्या खाण्याला शास्त्रज्ञांनी ‘अर्धी उपासमार’ म्हटलं, त्याच्याही खूप खाली तू पाच महिने आहेस. आणि तुझ्या कोचला ते अजून जास्त वाटतंय.

काटा का अडला, तेही ऐक. खाणं एवढं तोडलं की शरीर खर्चाला कात्री लावतं. ऊब कमी करतं, नाडी हळू करतं, थायरॉइडच्या संप्रेरकाचं काम मंदावतं. याला जिद्दीची कमतरता म्हणणाऱ्या माणसाला शरीराची ओळख नाही. तू पाळीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. ती नियमित असेल तर बरंच आहे. नसेल, तर ‘बॉडी ॲडजस्ट होतेय’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस.

आता तो लाल शब्द. भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढली आहे, 25 च्या वर लठ्ठ, 23 च्या खाली नॉर्मल. त्यामागे कारण आहे, आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. पण ही फूटपट्टी मुळात लोकसमूह मोजायला बनली. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने ती मांडली, आणि 1972 मध्ये तिला बीएमआय हे नाव दिलं ते याच अँसेल कीजने. एकट्या माणसाच्या आत काय चाललंय हे तिला दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय 22.3. याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के, युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. तुझ्या रिपोर्टवर तो शब्द छापणाऱ्यांनी तुझी कंबर मोजली होती का? घरात कुणाला मधुमेह आहे का, हे विचारलं होतं का? नसेल, तर त्यांनी तुला घाबरवलं, तपासलं नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण पुढचा धंदा सगळा त्या घाबरण्यावर चालतो.

64 किलोंवरून चार-पाच किलो कमी करणं तेव्हा तुझ्या फायद्याचं असेलही. पण 48 हा आकडा आला कुठून? 155 सेंटिमीटरला 54 किलो म्हणजे बीएमआय 22.5. ज्या फूटपट्टीने तुला लठ्ठ ठरवलं, तिच्याच हिशोबाने तू केव्हाच नॉर्मल झालीस. तरीही कोच तुला थांब म्हणत नाही. थांबलीस तर तिसरा 90 दिवसांचा प्रोग्राम कोण घेणार?

आणि ॲब्ज बघून विश्वास ठेवायचा नसतो गं. अमेरिकेत ‘लिव्हर किंग’ म्हणवणारा एक माणूस होता. कच्ची कलेजी खाऊन आपलं शरीर असं झालं, हे तो लाखो लोकांना सांगायचा. डिसेंबर 2022 मध्ये स्वतःच व्हिडिओ करून त्याने कबूल केलं की तो स्टेरॉइड घेत होता. आधीचा-नंतरचा फोटो तर एकाच दुपारी काढता येतो. एक पोट सोडून ट्यूबलाइटखाली, दुसरा श्वास ओढून खिडकीच्या उजेडात. तुझ्या कोचने काय केलं ते मला माहीत नाही. पण तू त्याचं शिक्षण विचारलेलं नाहीस, एवढं पत्रावरून कळतं. पतसंस्थेत कुणाला कागदपत्रं न बघता कर्ज देतेस का?

मला हवंय ते एकच. या आठवड्यात एमडी फिजिशियनकडे जा आणि कोचने दिलेला चार्ट प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेव. वजनाचं नंतर बोल, आधी सांग, ‘मला मे महिन्यात थंडी वाजते.’ हिमोग्लोबिन, थायरॉइड काय ते बघतील. खाणं कसं वाढवायचं, तेही त्यांनाच विचार. तोवर 900 चं नाव काढू नकोस. आज रात्री वरण-भात खा, वर तूप घे, आणि तो नवऱ्याशेजारी बसून खा.

आणि त्या दोघी मैत्रिणी. त्यांना ग्रुपमध्ये तू आणलंस, तेव्हा बाहेर काढायचं कामही तुझंच. मेसेज नको, उद्या डबा खाताना समोर बसून विचार. डब्यात काय आहे ते बघ, आणि विचार, तुम्हालाही गार वाटतं का?