छायाचित्रण शंका-समाधान : शेटलंडचे कडे आणि समुद्रपक्षी

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, गेली नऊ वर्षे ॲबर्डीनला राहतो. येत्या जूनच्या मध्यावर सहा दिवसांसाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर जाणार आहोत. गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो, तेव्हा पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी एकही दिसला नाही, आणि नॉस बेटाच्या कड्याजवळ बोटीतून काढलेल्या गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या छायाचित्रांत पक्ष्याच्या जागी नुसता पांढरा डाग उमटला. माझ्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि १८-५५ व ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत. मोठी लेन्स घ्यावी का? पक्ष्यांसाठी कुठे आणि केव्हा उभे राहावे?
— एक वाचक भगिनी, ॲबर्डीन

उत्तर : ऑगस्टमध्ये पफिन दिसले नाहीत यात तुमची काहीच चूक नव्हती. हा पक्षी जमिनीवर येतो तो केवळ विणीसाठी. एप्रिलमध्ये तो कड्यावरच्या बिळांत परततो, मादी एकच अंडे घालते, ते उबवण्यात सुमारे सहा आठवडे जातात आणि पिल्लू बिळाच्या अंधारात आणखी साधारण सहा आठवडे वाढते. जुलै संपता संपता वसाहत ओस पडू लागते आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर गवतात फक्त रिकामी बिळे उरतात. वर्षाचा बाकीचा काळ पफिन खुल्या समुद्रावर काढतो. त्यामुळे जूनच्या मध्यावरचा तुमचा बेत योग्य आहे. मात्र चोचीत आडव्या धरलेल्या मासळीसह पफिन टिपायचा असेल, तर सहल पंधरवडाभर पुढे ढकलता येते का ते पाहावे, कारण पिल्लांना भरवण्याची खरी लगबग जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत चालते.

मोठी लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेटलंडच्या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकावर सम्बरा हेड नावाचे भूशिर आहे. तिथे रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेला १८२१ सालचा दीपस्तंभ उभा आहे आणि दीपस्तंभाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला दगडी भिंत आहे. भिंतीपलीकडच्या गवताळ उतारावर पफिनांची बिळे असून पक्षी अनेकदा भिंतीपासून दोन-तीन मीटरांवर येऊन बसतात. तुमची ३०० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर साधारण ४५० मिलिमीटरइतके दृश्य देते, आणि एवढ्या अंतरावर ते कधी कधी जास्तच होते. शक्यतो संध्याकाळी जावे. सहा-साडेसहानंतर समुद्रावरून परतणाऱ्या पक्ष्यांची वर्दळ वाढते आणि त्या दिवसांत सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे पुढचे तीन-चार तास तुमच्या हाताशी असतात. आपल्या कोकणात सूर्य जवळजवळ सरळ समुद्रात उतरतो, त्यामुळे सोनेरी उजेड हातात येईपर्यंत निसटून जातो. साठाव्या अक्षांशावर मात्र तो क्षितिजाला तिरका घासत जातो, म्हणून तसाच कोवळा उजेड तिथे कितीतरी वेळ टिकतो.

उभे राहण्याची जागा ठरवताना आधी वारा पाहावा, मग ऊन. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच उतरतो आणि उडतो. वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारा पक्षी समोरून तुमच्याकडे येतो; वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर पक्ष्यांच्या शेपट्याच टिपल्या जातात. पाठीवर वारा आणि पाठीवरच ऊन असा योग रोज येत नाही, पण तो आलेला दिवस ओळखता आला पाहिजे. पफिन मिनिटाला सुमारे चारशे वेळा पंख मारतो आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतो. नुसत्या उडत्या पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवत बसण्यात नवख्याचा सगळा उत्साह संपतो. त्यापेक्षा जोराचा वारा असलेल्या दिवशी उतरण्याच्या क्षणाची वाट पाहावी. त्या वेळी पक्षी नारिंगी पाय पसरून वाऱ्यावर क्षणभर जवळजवळ स्थिर तरंगतो. शटरचा वेग १/२५०० सेकंद आणि लेन्स २०० मिलिमीटरच्या आसपास ठेवली, तर तो चौकटीत सापडतो.

आता या उत्तरातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बेटावर, जिथे अशी भिंत नव्हती, मी उतारावर समुद्राकडे तोंड करून उभा होतो. चोचीत मासळी धरलेला एक पफिन माझ्यासमोरून गेला, फेरी मारून परत आला, पुन्हा गेला. वसाहतीवर पफिन घिरट्या घालतातच, म्हणून मी ते चांगले लक्षण मानले आणि भराभर छायाचित्रे घेतली. सहाव्या का सातव्या फेरीला लक्षात आले की त्याचे बीळ माझ्या पाठीमागे, चार पावलांवर होते, आणि मी घर व समुद्र यांच्या मधोमध उभा होतो. मी वीस पावले बाजूला सरकलो तेव्हा तो मिनिटभरात उतरला आणि बिळात शिरला. मासळी घेऊन हवेत ताटकळणाऱ्या पक्ष्यावर कुरव आणि स्कुआ हे लुटारू समुद्रपक्षी टपलेलेच असतात. उशीर म्हणजे अनेकदा घास लुटला जाणे, आणि आत पिल्लू उपाशी राहणे. पफिनांचे मुख्य अन्न म्हणजे सँडईल ही बोटाएवढी बारीक मासळी. समुद्रपक्ष्यांना ती पुरत नाही अशी चिंता इतकी वाढली की स्कॉटलंडच्या समुद्रात २०२४ पासून तिची मासेमारी बंद करण्यात आली आहे. जिथे सरकारने पक्ष्यांच्या तोंडचा घास राखण्यासाठी एवढे पाऊल उचलले, तिथे आपण छायाचित्रासाठी तो अडवणे मला मान्य होत नाही. म्हणून सम्बरा हेडला भिंत ओलांडू नये, भिंत नसलेल्या जागी आखलेली वाट सोडू नये (बिळांवरची जमीन पोकळ असते आणि पाय पडला की छत खचते), आणि तोच पक्षी मासळीसह पुन्हा पुन्हा समोरून जात असेल तर कॅमेरा खाली करून बाजूला व्हावे. सुरय किंवा स्कुआ डोक्यावर झेपावू लागले, तर घरटे जवळ आहे असाच त्याचा अर्थ घेऊन आल्या वाटेने मागे फिरावे.

गॅनेटच्या पांढऱ्या डागाचे कारण सोपे आहे. समुद्र गडद, पक्षी पांढराशुभ्र आणि चौकटीत लहान. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, दृश्य काळोखे आहे असे समजतो आणि एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो, त्यात पिसांचा पोत जळून जातो. पुढच्याच क्षणी तो पक्षी उजळ आकाशावर गेला की कॅमेरा उलटे करतो आणि पक्षी काळवंडतो. पार्श्वभूमी बदलली तरी पक्ष्यावर पडणारे ऊन तेच असते, म्हणून मॅन्युअल पद्धत, म्हणजे एक्स्पोजर हाताने कायम ठरवून, वापरावी. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८ आणि १/२००० सेकंद यापासून सुरुवात करावी, दोन-तीन चाचणी छायाचित्रे घेऊन हिस्टोग्राम (डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे दाखवणारा उजेडाचा आलेख) पाहावा आणि पंखांवरचा शुभ्र भाग उजव्या कडेला आपटत नाही इतपत फरक करावा. ढग आले की मोजणी पुन्हा करावी. नॉसला सकाळचीच बोट घ्यावी, कारण गॅनेटची वस्ती बेटाच्या पूर्वेकडच्या कड्यावर आहे आणि दुपारनंतर तो कडा सावलीत जातो. या कड्याचे सर्वोच्च टोक समुद्रापासून १८१ मीटर उंच आहे. तिथला वालुकाश्म वाऱ्यापावसाने झिजून त्यात फडताळासारखे कप्पे पडले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात पक्षी दाटीने बसलेले असतात. सुमारे १.८ मीटर पंखविस्ताराचा गॅनेट पाण्यात सूर मारताना टिपण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तो जरूर पुरवावा, पण थोडा वेळ १८-५५ची लेन्स लावून अख्खा कडा, त्यावरचे पांढरे ठिपके आणि खालचा फेस एका चौकटीत घ्यावा. चौकटभर चोच असलेली छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. पक्षी राहतो कुठे हे सांगणारी फार थोडी पाहिली आहेत.

एक गोष्ट जाता जाता. २०२२ मध्ये बर्ड फ्लूच्या साथीत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॅनेट आणि मोठे स्कुआ फार मोठ्या संख्येने मेले. साथीतून वाचलेल्या काही गॅनेटांच्या फिकट निळसर बुबुळांचा रंग काळा झाल्याचे आढळले आहे. तुमच्या छायाचित्रात असा काळ्या डोळ्याचा गॅनेट आला, तर तो रंगदोष समजून संगणकावर दुरुस्त करू नये. मेलेला पक्षी दिसल्यास त्याला हात लावू नये.

प्रश्न : शेटलंडमधल्या एशानेसच्या कड्यांवर भर दुपारी समुद्र धुक्यासारखा दिसावा म्हणून काळे फिल्टर लावून तीस सेकंदांची छायाचित्रे घेतली. ती हलल्यासारखी आली, शिवाय परतल्यावर लेन्सवर बारीक ओरखडे दिसले. काय चुकले?
— एक वाचक, ग्लासगो

उत्तर : प्रथम ओरखड्यांविषयी, कारण ते भरून येत नाहीत. काचेवर उडालेले तुषार वाळले की मिठाचे कण उरतात आणि कोरड्या फडक्याने पुसताना तेच कण काचेवर घासले जातात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ फडक्याने मीठ विरघळवून टिपून घ्यावे आणि शेवटी कोरडे फडके फिरवावे. खिशात अशी चार-पाच फडकी हवीत, कारण एकदा खारट झालेले फडके पुन्हा वापरायचे नसते. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रायपॉडचे पायही गोड्या पाण्याने धुवावेत.

छायाचित्रे हलली ती वाऱ्यामुळे. दहा स्टॉपच्या, म्हणजे उजेड सुमारे हजारपट कमी करणाऱ्या फिल्टरने १/३० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे अर्ध्या मिनिटाचे होते, आणि अटलांटिकवर तोंड उघडून बसलेल्या त्या माथ्यावर अर्धा मिनिट वाऱ्याशिवाय मिळणे दुर्मीळ. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, पाय पसरून तो गुडघ्याएवढा खाली ठेवावा, कॅमेऱ्याचा गळपट्टा काढून ठेवावा. वजनासाठी पिशवी टांगलीच तर ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबती पिशवी झोके घेते आणि कंपन वाढवते.

पण मुळात तीस सेकंद कशासाठी, हा प्रश्न मी तुम्हाला विचारेन. एशानेसचा कडा म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची समुद्राने कापून काढलेली कूस आहे. लाव्हा आणि राखेचे काळेकभिन्न थर, त्यांत शिरलेल्या घळी आणि त्यांवर येऊन फुटणाऱ्या लाटा हेच त्या जागेचे रूप. समुद्राचे धुके केले की तो शांत दिसतो, आणि तिथला समुद्र शांत नसतो. अर्धा ते एक सेकंद ठेवून पाहावा. परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा कातळावर उमटतात, लाटेचा जोर कळतो आणि वाऱ्याचा त्रासही कमी होतो. कडा पश्चिमाभिमुख असल्याने वेळ संध्याकाळचीच घ्यावी. मात्र काठाशी जाऊ नये. तिथल्या गवताच्या कडेखाली जमीन असेलच याची खात्री नसते आणि वाऱ्याचा झोत अचानक येतो. खालच्या एखाद्या किनाऱ्यावर उतरलात तर सामान उघडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसता समुद्र पाहावा. भरतीरेषेच्या वरचा कातळ पाऊस नसताना ओला दिसला, तर लाट तिथवर पोहोचून गेली आहे असे समजावे.

प्रश्न : शेटलंडमधल्या मूसा बेटावर रात्री स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी पाहायला गेलो होतो. फ्लॅश वापरण्यास मनाई केल्यामुळे एकही छायाचित्र मिळाले नाही. एवढ्या दूर जाऊन रिकाम्या हाताने परतावे लागले, हे योग्य आहे का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुमची निराशा मला समजते, तरी मनाई योग्यच होती. मूसाचा ब्रॉख हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, तेरा मीटर उंचीचा, चुन्याशिवाय रचलेला दगडी बुरूज आहे आणि त्याच्या भिंतींच्या फटींत हे चिमणीएवढे पक्षी घरटी करतात. दिवसा बाहेर आले तर कुरव आणि स्कुआ त्यांना मारतात, म्हणून ते अंधाराची वाट पाहून समुद्रावरून परततात. अंधार हेच त्यांचे संरक्षण आहे आणि फ्लॅश नेमके तेच काढून घेतो.

छायाचित्र मात्र मिळू शकते. जूनमध्ये तिथे पूर्ण काळोख होतच नाही; मध्यरात्रीही उत्तरेला फिकट उजेड रेंगाळतो, त्याला शेटलंडचे लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. त्या उजेडासमोर ब्रॉखची आकृती येईल असे उभे राहावे, ट्रायपॉडवर आयएसओ ३२००, लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र आणि एक ते चार सेकंद एवढे एक्स्पोजर द्यावे. अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडतो, म्हणून उजेड असतानाच ब्रॉखवर फोकस साधून तो हाताने कायम करावा आणि कॅमेऱ्याचा मागचा पडदा व फोकसचा दिवाही बंद ठेवावा. पक्षी त्यात पक्ष्यासारखा दिसणार नाही, आकाशावर ओढलेली एखादी पुसट रेघ म्हणून येईल. शेजारच्या भिंतीतून घरघर ऐकू येत असते, तिचे ध्वनिमुद्रण फोनवर करून ठेवा. त्याला उजेड लागत नाही.