हरणाच्या शिकारीसाठी .३०-०६ रायफलला कोणती गोळी घ्यावी?

तुमचा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे, त्याने .३०-०६ (हे काडतुसाच्या मापाचं नाव) रायफल घेतली आहे आणि दुकानातल्या काडतुसांच्या पेट्या बघून त्याचं डोकं चक्रावलंय, असा एकूण प्रश्न. नोकरीच्या निमित्ताने मी त्या भागात राहिलोय, तिथल्या मित्रांबरोबर व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीच्या हंगामाला गेलोय. आता परत लष्करात असतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हो, फौजेत नव्हे!

इकडच्या वाचकांसाठी आधी एक सांगतो. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती यांनी शिकार बंद केली आहे. चितळ, सांबर, काळवीट, कशावरही बंदूक उचलली तर तुरुंग. ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात लायसनची तीनशे पंधरा बोअरची रायफल बऱ्याच घरांत असते, म्हणून मुद्दाम लिहिलं. शिंद्यांचं शिवपुरीचं शिकारीचं रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे.

आता गोळी. सगळे आधी वजन विचारतात, पण खरी निवड बांधणीची आहे. आतल्या शिशावर पूर्ण तांब्याचं आवरण असलेली, म्हणजे एफएमजे (फुल मेटल जॅकेट) गोळी हरणावर चालवायचीच नाही. ती न फुलता, म्हणजे टोक चपटं होऊन न पसरता, आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झाडीत तासन् तास तडफडून मरतं. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी ती बेकायदाच आहे. सरावासाठी स्वस्त म्हणून तीच घेतली जाते आणि हंगामात चुकून खिशात राहते, तेवढं सांभाळायला सांगा. गंमत बघा, १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात फुलणारी गोळी बनली, १८९९मध्ये हेगच्या परिषदेत तिच्यावर युद्धात बंदी आली, आणि विस्कॉन्सिनमधल्या हरणाच्या शिकारीत मात्र फुलणारीच गोळी सक्तीची!

भावाने साधी सॉफ्ट पॉइंट घ्यावी, १५० किंवा १६५ ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). टोकाला शिशाचं राखाडी नाक उघडं दिसतं, तीच. मित्राच्या हरणाची कातडी सोलताना पलीकडच्या बाजूला कातडीखाली अडकलेली अशी एक गोळी मी बघितलीय. पुढचं शिसं चपटं होऊन पसरलेलं, आवरणाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, बूड मात्र जसंच्या तसं. वाटेत दोन्ही फुप्फुसं गेली होती, हरीण जेमतेम पन्नास पावलं चाललं होतं. गोळीकडून एवढंच काम हवं असतं.

१८० ग्रेनच्या जाड आवरणाच्या गोळ्या एल्क, मूस या मोठ्या जातीच्या हरणांसाठी ठीक. व्हाइटटेलच्या बरगड्या इतक्या पातळ, की अशी गोळी पुरती फुलायच्या आत पलीकडे निघून जाऊ शकते. बॉन्डेड (शिसं आवरणाला चिकटवलेल्या), पार्टिशन (आत आडभिंत असलेल्या) वगैरे महागाच्या गोळ्या वाईट नाहीत. खांद्याचं हाड लागलं तरी त्या तुकडे न होता आत जातात. पण शंभर-दीडशे यार्डांवरून, कूस आपल्याकडे करून उभ्या हरणाला, पुढच्या पायामागे नेम धरणाऱ्याला त्यांची गरज नाही. उलट फार मऊ, लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीची गोळी जवळून लागली तर खांद्याचं मांस रक्ताळून फुकट जातं.

घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी निव्वळ तांब्याची, पण फुलणारी गोळी सुचवेन, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९पासून शिकारीला शिसं चालतच नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि फुलायला तिला वेग लागतो. म्हणून तांब्यात १६५ सोडून १५०वर यावं.

यापुढे मत त्याच्या रायफलचं. एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळ्या पडतात. दोन-तीन प्रकारची एकेक पेटी घ्यावी, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून शंभर यार्डांवर कागदावर तीन-तीन गोळ्या झाडाव्यात, मध्ये नळी थंड होऊ द्यावी. ज्यांची भोकं सगळ्यांत जवळ पडतील ती काडतुसं त्याची. मग त्याच लॉट नंबरच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, आणखी पेट्या आत्ताच घेऊन ठेवायला सांगा. हंगामाचा नोव्हेंबर उजाडला की तिथल्या दुकानांत नेमकी हवी तीच पेटी संपलेली असते.