आईच्या स्मरणार्थ पाणपोई लावताय ना, मग हे वाचा

फलकाचं नंतर बघा, आधी पाणी रोज कोण भरणार ते ठरवा. पाडव्याला नारळ फुटतो आणि मे महिन्यात रांजण कोरडे पडतात, ते इथेच चुकल्यामुळे. जवळचा चहावाला किंवा दुकानदार तयार असेल तर त्याला दरमहा ठरवून पैसे द्या. फुकटात गळ घालू नका. आणि फलक लावालच, तर आईच्या नावाखाली त्याचंही नाव येऊ द्या.

चाळीस लिटरच्या रांजणात दोनशे मिलिलिटरचे दोनशे पेले होतात. एस.टी. थांब्यावर ते दुपारपर्यंत संपतात, म्हणून दोन रांजण हवेत.

नवा रांजण दिवसभर पाण्याने भरून ठेवा, ते पाणी ओतून द्या. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट. रोज सकाळी उरलेलं पाणी काढून आतून काथ्याने घासा. साबण मुळीच नको, मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. टँकरचं पाणी असेल तर वीस लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

पेला आत बुडवू देऊ नका. लांब दांड्याचं ओगराळं साखळीने बांधा, नाहीतर आठवड्यात गायब! सांडलेलं पाणी झाडाच्या आळ्यात वळवा, चिखल होत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी वाटला तर क्षारांनी छिद्रं बुजलीत असं समजा आणि रांजण बदला.