कुत्रीच्या नसबंदीनंतर पोटावर जांभळा डाग आलाय, डॉक्टरचं काही चुकलं का?

तुम्ही लिहिलंय की परवा म्हापशाला कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, काल काही दिसत नव्हतं आणि आज सकाळी बघता तर टाक्यांपासून खाली मांडीपर्यंत जांभळं-निळं पसरलंय, ती जेवतेय, शेपूट हलवतेय, पण घरातले म्हणतायत डॉक्टरने नस कापली. मी डॉक्टर नाही. पण फोंड्याकडे आमच्या घरात कायम दोन-तीन कुत्री असतात आणि वाड्यावरची भटकी पकडून नसबंदीला नेण्या-आणण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे असली पोटं भरपूर बघून झालीयेत.

नस कापली वगैरे डोक्यातून काढा. पोटाची कातडी पातळ, त्यात चीर देऊन आतलं ओढून बाहेर काढायचं म्हटल्यावर बारीक बारीक रक्तवाहिन्या फुटणारच, त्यातलं थोडं रक्त कातडीखाली साचतं आणि मग ती बसली-उठली की हळूहळू खाली उतरतं. म्हणूनच डाग पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, आणि टाक्यांपाशी कमी पण जांघेकडे जास्त दिसतो, त्यालाच लोक घाबरतात. कुत्री माजावर असेल किंवा नुकतीच माजातून गेली असेल किंवा अंगाने जाड असेल तर डाग आणखी मोठा. नर कुत्र्यांत तर अंडकोषाची पिशवी सुजून काळीनिळी होते, ते याहून भयंकर दिसतं. आपला गुडघा पलंगाला आपटल्यावर होतं तसंच, जांभळ्याचं हिरवट, हिरवटाचं पिवळं आणि साधारण एक-दोन आठवड्यांत साफ. आतली मोठी नस खरंच सुटली असेल तर ते बाहेरच्या डागावरून कळत नाही, तेव्हा हिरड्या पांढऱ्या पडतात, पोट फुगतं, कुत्री गार पडून उठतच नाही, आणि हे सगळं बहुतेक वेळा पहिल्या दिवसभरातच होतं. तुमची शेपूट हलवतेय ना.

आता मला खरं जे सांगायचंय ते. डाग किती मोठा आहे याच्यापेक्षा तो कुठे आहे ते बघा. जिथे ब्लेड लागलं, सुई लागली, तिथे डाग असला तर ठीक. पण जिथे कुणी हातच लावला नव्हता तिथेही असेल तर गोष्ट वेगळी. आत्ता उजेडात घ्या तिला, ओठ वर करून हिरड्या बघा, कानाची आतली बाजू बघा, पोटाचा टाक्यांपासून लांबचा भाग बघा, डोळ्याचा पांढरा भाग बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर त्यावर बोट दाबा. दाबल्यावर फिके पडले तर पुरळ, नाही पडले तर कातडीखालचं रक्त आहे ते, म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, कमी असण्याची शक्यता.

आणि गोव्यात प्लेटलेट कमी म्हटलं की पहिला संशय गोचिडींवर. इथे वर्षभर उकाडा आणि दमट हवा, घराभोवती चिऱ्यांच्या भिंती आणि गडगे, म्हणजे दगडांची कुंपणं, त्याच्या प्रत्येक फटीत गोचीड बसते, एक मादी हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला पावडर लावून अंगावरच्या संपल्या असं वाटतं तोवर भिंतीतल्या परत चढतात. त्यांच्यातून एर्लिकिया नावाचा जंतू जातो, आपले डॉक्टर त्याला टिक फीवर म्हणतात. यातली फसवी गोष्ट अशी की ताप येऊन गेल्यावर कुत्रं कित्येक महिने, कधी वर्षंसुद्धा, एकदम तंदुरुस्त दिसतं, खातं-पितं, भुंकतं, आणि आत प्लेटलेट मात्र खालीच असतात. मग ऑपरेशन होतं किंवा नुसतं रक्त काढतात आणि पहिल्यांदा बाहेर पडतं सगळं. बोलणी बसतात डॉक्टरला.

आमच्या वाड्यावरच्या एका कुत्रीचं असंच झालेलं, रक्त काढलं त्या पायावर ढोपरापर्यंत काळंनिळं, पण कानात पण ठिपके होते, तिथे तर कुणी सुई मारली नव्हती. तपासलं तर टिक फीवर.

त्यामुळे ठिपके दिसले तर आजच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्या. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात, लाखाच्या जरा खाली आल्या म्हणून लगेच रक्त वाहत नाही, पन्नास हजाराच्या खाली गेल्या की मात्र धोका वाढत जातो. एक गोष्ट आवर्जून सांगा डॉक्टरांना, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पण बघा म्हणून, कारण प्लेटलेटचे गुच्छ झाले तर मशीन आकडा कमी दाखवतं आणि उगाच सगळे घाबरतात. टिक फीवर निघाला तर सहसा डॉक्सीसायक्लिन देतात, बहुतेक चार आठवडे. दोन-तीन दिवसांत कुत्रं टुणटुणीत होतं आणि लोक गोळ्या बंद करतात, ते तेवढं करू नका. गोळी जेवणासोबत द्या, दुधातून नको.

प्लेटलेट बरोबर असूनही रक्त थांबत नसेल तर दोन गोष्टी आठवून बघा. कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, भाताच्या कोठीत, शेजारच्या गोडाऊनमध्ये उंदराचं औषध टाकलंय का, ते खाल्लं तर लगेच काही होत नाही, तीन-चार दिवसांनी रक्त गोठायचं बंद होतं आणि त्याला व्हिटॅमिन के लागतं, तेही काही आठवडे. आणि डॉबरमन असेल तर त्या जातीत रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष बऱ्यापैकी आढळतो, तो ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी बोलायचा विषय. तुमची गावठी आहे, त्यामुळे दुसरं सोडा, उंदराच्या औषधाचं मात्र नक्की विचारा घरात.

ठिपके नसतील तर घरी फार काही करायचं नाही. डागाच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा, संध्याकाळी परत बघा. रेघेच्या बाहेर थोडं खाली उतरलं तर चालतं, पण तासातासाला वाढतंय, फुगून घट्ट गोळा झालाय, टाक्यांतून थेंब थांबत नाहीयेत, नाकातून रक्त आलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर वाट न बघता उचलून न्या. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ पाचेक मिनिटं लावला तर बरं वाटतं तिला, पण चोळायचं नाही, आणि हळद-खोबरेल तर अजिबात नाही, ती चाटणार आणि टाके उसवणार. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन ठेवा, कितीही केविलवाणं बघितलं तरी. दहा-बारा दिवस उड्या बंद, सोप्यावर चढणं बंद.

घरातली क्रोसिन, ब्रुफेन, डिस्प्रिन काहीही देऊ नका. डिस्प्रिनने तर प्लेटलेटचं कामच बिघडतं, म्हणजे डाग आणखी पसरणार, आणि ब्रुफेनने पोटात अल्सर होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखण्याचं औषध तेवढंच.

ठिपके नसले तरी टाके काढायला जाल तेव्हा एकदा सीबीसी करून घ्या, आणि कुत्रीवर गोचिडीचं औषध लावाल त्याच आठवड्यात गडग्याच्या फटींतही फवारणी करून घ्या, तोवर तिला तिथे बांधू नका.