चट्टा गेला तरी ट्यूब कपाटात ठेवू नकोस

बाळा,

तुझा मेसेज रात्री दोनच्या पुढचा होता, त्यावरूनच कळलं की खाज परत झोपू देत नाहीये. ‘मावशी, सगळं करून झालं, आता हे कायमचं कसं जाईल तेवढं सांग,’ असं तू लिहिलंस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. इसब एका औषधाने किंवा एका पथ्याने कायमचं जात नाही. वयाबरोबर पुष्कळ जणांचं सौम्य होतं, कित्येकांचं वर्षानुवर्षं गप्प बसतं. पण कातडीचा स्वभाव बदलत नाही. ‘मुळापासून घालवतो’ म्हणणारा कुणी भेटला तर आधी पाकीट सांभाळ.

माझी सगळी नोकरी त्वचारोग विभागात नर्स म्हणून झाली आणि सतत हात धुऊन माझ्याही हातांना इसब लागलं ते आजतागायत आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. ओपीडीत रोज एकच गोष्ट दिसायची. चट्टा पेटला की माणसं धावत येतात, चार दिवसांत लाली उतरली की मलम, मॉइश्चरायझर सगळं एकदम सोडून देतात. मग काही दिवसांनी त्याच जागी परत खाज सुरू होते आणि ‘हे औषध मला लागू पडत नाही’ असं ठरवून टाकतात. औषध लागू पडलेलं असतं, ते अर्ध्यावर सोडलेलं असतं. वरून साफ दिसणाऱ्या कातडीच्या आत दाह शिल्लक राहतो. तुझ्या मेसेजमधलं ‘बरं झालं होतं, मग अचानक उफाळलं’ हे वाक्य वाचून मला तेच वाटलं. ते अचानक नव्हतं.

यामागे काय चालतं ते थोडक्यात सांगते. कातडीच्या सगळ्यात वरच्या थराचं काम म्हणजे आतलं पाणी आत ठेवणं आणि बाहेरचं बाहेर. या थराच्या बांधणीला फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ साली समोर आलं. सगळ्या रुग्णांत हा दोष सापडत नाही, पण वरचा थर कच्चा असणं जवळपास सगळ्यांत दिसतं. मग पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, साबण, धूळ, जंतू आत शिरतात, शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळते आणि खाज सुटते. खाजवलं की उरलासुरला थरही निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून शांत दिवसांतलं मॉइश्चरायझर हेही औषधच समज.

आणि ते भरपूर लावायचं असतं. तू छोट्या ट्यूबचा फोटो पाठवलास, महिना झाला तरी अर्धी शिल्लक! अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. तुझं अंगभर नाही, तुला कमी लागेल, पण इतकं कमी नाही. पातळ लोशन पटकन जिरतं म्हणून आवडतं, पण फार कोरड्या जागी ते पुरत नाही. तिथे घट्ट क्रीम किंवा चिकट ऑइंटमेंट हवं. दिवसा क्रीम, रात्री ऑइंटमेंट अशी विभागणी कर, म्हणजे कपड्यांवरून चिडचिड होणार नाही. सुगंधी काही नको, मग त्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असो की ‘हर्बल’. वनस्पतींच्या अर्कांचीही ॲलर्जी येते.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची. कढत पाण्याखाली खाज क्षणभर इतकी छान थांबते की बाहेर यावंसं वाटत नाही, ते मला पुरेपूर माहीत आहे. पण अर्ध्या तासाने ती दुप्पट होऊन येते. फेसाळ साबण नको. टॉवेलने घासू नकोस, नुसतं टिपून घे आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लाव. केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरव. उलटं चोळलं तर केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. डबा असेल तर स्वच्छ चमच्याने काढ, बोटं बुडवू नकोस. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: ही मलमं कपड्यांत, चादरीत मुरत जातात आणि असं कापड पटकन पेट घेतं. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. गॅस, मेणबत्ती, सिगरेट यांच्यापासून लांब राहा.

आता स्टेरॉइडचं, म्हणजे दाह विझवणाऱ्या मलमाचं. तुझी भीती मला ओळीओळीतून दिसली. ‘अगदी थोडंसं, नखाएवढं लावते’ असं तू लिहिलंस. भीत भीत थोडं लावणं हाच सगळ्यात वाईट मार्ग आहे, कारण दाह विझत नाही आणि औषध मात्र महिनोन्‌महिने चालू राहतं. लावायच्या स्टेरॉइडचा उपयोग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होतोय, त्याचे फायदे-तोटे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहेत. माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तेवढी जागा असेल तर तेवढं लावायचं, कमी नाही आणि ‘लवकर बरं व्हावं’ म्हणून जास्तही नाही. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांच्यात थोडा वेळ जाऊ दे, एकावर एक लगेच थापू नकोस.

कधी थांबायचं, हे डोळ्यांवर सोडू नकोस. कोपराची लवण घे. हात दुमडलेला असतो तेव्हा तिथलं काही दिसत नाही. हात सरळ ताण, उजेडाकडे धर. कातडी जाड होऊन तिच्यावर आडव्या-उभ्या रेषा उमटलेल्या दिसतील, बारीक भेगा दिसतील. आपल्या सावळ्या रंगावर दाह लाल दिसेलच असं नाही. तो जांभळट, करडा किंवा नुसता गडद दिसतो आणि म्हणून ‘फारसं नाही’ असं वाटून जातं. डोळे मिटून बोटाचं टोक त्या जागेवरून शेजारच्या चांगल्या कातडीवर ने. खरखर, जाडपणा, उंचवटा लागला तर काम बाकी आहे. बोटाला फरक कळेनासा झाला, खाज थांबली, की साधारण आणखी दोन दिवस लावून मग थांबव. मागे राहणारा काळपट डाग मात्र वेगळा. तो दाह नाही, रंग आहे. तो जायला महिने लागतात आणि त्यावर स्टेरॉइड घासून काही उपयोग नाही.

ज्या जागा पुन्हा पुन्हा उचल खातात, त्यांच्यासाठी डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवायला सांगतात, चट्टा नसतानाही. तुला हे सांगितलं गेलं नसेल तर स्वतः विचार. तुझ्या दोन्ही कोपरांसाठी मला हेच योग्य वाटतं.

भीती कुठे बाळगायची तेही ऐक. चेहरा, पापण्या, मान, काखा, जांघा इथली कातडी पातळ असते. हातासाठी दिलेलं जोरकस मलम तिथे जाता कामा नये. दुसऱ्याच्या ट्यूबमधून उसनं घ्यायचं नाही. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं स्वतःच्या मनाने तर अजिबात नाहीत. कित्येकदा तो चट्टा इसब नसून गजकर्ण असतं आणि स्टेरॉइडने ते काही दिवस दबून मग वेडंवाकडं पसरतं. जोरकस मलम महिनोन्‌महिने लावून एकदम थांबवलं तर कातडी जळजळते, लालबुंद होते, असंही काहींचं होतं. म्हणून असं सवयीचं मलम बंद करायचं ते डॉक्टरांशी बोलून. पापण्यांसाठी टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइडचं मलम मिळतं. पहिले काही दिवस ते झोंबतं, ॲलर्जी झाली असं वाटून लोक फेकून देतात. बहुतेकांचं झोंबणं आठवडाभरात कमी होतं.

रात्रीची खाज. ‘खाजवू नकोस’ हा सल्ला देणाऱ्यांना एक रात्र तुझ्या जागी झोपवायला हवं. हाताला नुसतं ‘नको’ सांगून भागत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. खाज आली की दोन्ही मुठी घट्ट आवळ, मनात तीसपर्यंत मोज. तरीही राहिली तर त्या जागेवर नख नुसतं दाबून धर, ओढू नकोस. सुरुवातीला बावळटासारखं वाटेल, पण सवयीने खाजवण्याचा मोठा भाग याने कमी होतो. कारण आपण नेहमी खाज सुटली म्हणूनच खाजवतो असं नाही, मोबाइल बघता बघता हात आपोआप तिकडे जातो. आठवडाभर स्वतःकडे बघ, कळेल. शिवाय नखं कापलेली, अंगावर सैल सुती कपडे, खोली थंड, उशाशी ओला गार रुमाल. भडका मोठा असेल तेव्हा मलम लावून त्यावर ओलं सुती कापड आणि वरून कोरडं कापड गुंडाळतात, त्याने फार आराम पडतो. पण खाली स्टेरॉइड असेल तर ते जास्त शोषलं जातं, म्हणून किती दिवस ते डॉक्टरांनाच ठरवू दे. ॲलर्जीच्या गोळीने इसबाची खाज फारशी जात नाही. जुन्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून झोप लागते, इतकंच.

एका बाबतीत वाट बघायची नाही. चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, पू किंवा पाणी येऊ लागलं, तर जंतुसंसर्ग झालाय, एक-दोन दिवसांत दाखव. आणि एकसारख्या दिसणाऱ्या बारीक फोडांचा पुंजका आला, ते फुटून गोल खळगे पडले, खाजेपेक्षा दुखायला लागलं, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. तो नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू असू शकतो आणि इसब असलेल्या कातडीवर तो झपाट्याने पसरतो. डोळ्याजवळ असेल तर एक तासही दवडू नकोस.

खाण्याचं तू फार मनावर घेतलंयस. दूध बंद, अंडी बंद, गहू बंद, आणि इसब जिथल्या तिथे! मोठ्या माणसांत इसबाचं कारण अन्न असणं तसं कमी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर तपासणी करून घ्यायची. नाहीतर जेवण सुरू कर. घाम, लोकर, धूळ, कोरडी हवा, जागरण आणि परीक्षेचा ताण यांच्याकडे लक्ष दिलंस तर जास्त हाती लागेल. घाम आला की लगेच साध्या पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर लावायचं, व्यायाम सोडायचा नाही.

लोक विचारतात, ‘हे पसरतं का?’ ‘नाही, संसर्गजन्य नाही,’ एवढं सरळ तोंडावर सांगायचं आणि विषय बदलायचा. खुलासे देत बसायला तू कुणाला बांधलेली नाहीस.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ‘बरं नाही’ एवढंच सांगू नकोस. गेल्या आठवड्यात किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस खाज, रक्त, पाणी, भेगा, साल निघणं, कोरडेपणा, ते लिहून ने. या सात प्रश्नांची २८ गुणांची एक प्रश्नावलीच आहे, ‘पोएम’ म्हणतात तिला. दर आठवड्याला भरलीस तर औषध चालतंय की नाही यावर वाद उरत नाही. हे सगळं नीट करूनही गुण उतरले नाहीत तर पुढचे उपाय आहेत: प्रकाशोपचार, गोळ्या, आणि अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेलं डुपिलुमॅबचं इंजेक्शन. ते संरक्षणयंत्रणेचे खाज आणि दाह वाढवणारे दोन संदेश अडवतं. त्यांच्याविषयी विचारायला लाजू नकोस.

शेवटचं, पापण्यांचं. कोपर आणि गुडघ्यामागची लवण या इसबाच्या नेहमीच्या जागा. पण पापण्या आणि मान एकदम या वर्षी सुरू झाल्या आणि फोटोत तुझ्या नखांना पॉलिश दिसतंय. नेलपॉलिशची ॲलर्जी पुष्कळदा बोटांवर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण आपण तिथे दिवसभर हात लावतो. बेंबीखालचा चट्टा जीन्सच्या बटणातल्या निकेलचा असू शकतो. म्हणून पॅच टेस्ट करून घे, टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी वेगळी. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, साधारण दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी परत बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. त्याआधी पाठीवर स्टेरॉइड लावत असशील किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांग, नाहीतर निकाल चुकतो. परीक्षेच्या आठवड्यात तारीख घेऊ नकोस. आणि पॉलिश आजच काढ, फक्त रिमूव्हर भेगांवर सांडू देऊ नकोस.

तुझी,
मावशी